विजेची साक्ष

अमेरिकेतील टॉर्नेडोला आपला ‘वावटळ’ हा शब्द तोकडाच पडतो. तो होण्यापूर्वी वीज काही सांगते काय? १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या फ्लॉरिडातील वादळांच्या अभ्यासात दिसले, की मेघाच्या पोटातील विजा एकाएकी वाढतात आणि काही मिनिटांनी विध्वंस ओढवतो. वर चढणारा वारा बळावला, की हिमकण व मऊ गारा एकमेकांवर आदळून विद्युद्भार साठतो. वीज त्या वाऱ्याचे बळ सांगते, गिरकी नव्हे. ती डॉप्लर रडारलाच दिसते. पुष्कळदा विजा वाढूनही टॉर्नेडो होत नाही. खोट्या इशाऱ्यांना विटलेला माणूस खऱ्या वेळी आडोसा शोधण्यास विलंब लावतो. २०११ साली मिझूरीतील जॉप्लिन येथे तसेच घडले. तेथे दीडशेहून अधिक माणसे दगावली.