मिरजेचे तंबोरे व आपली शाळा
(देगलूर येथील शिक्षक-मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपले देगलूर गुंडा महाराजांच्या परंपरेचे गाव. कीर्तनात वीणा घेऊन उभा असलेला विणेकरी आपल्या मुलांनी लहानपणापासून पाहिलेला असतो. परंतु तार बोलते कशी आणि वाद्य घडवितो कोण, हे आपण त्यांना सांगत नाही. कारण ते आपणांसच ठाऊक नसते. मलाही नव्हते. म्हणून गेल्या सुटीत लातूरहून पंढरपूरमार्गे रेल्वेने मिरजेस गेलो व सतारमेकर गल्लीतील एका कारखान्यात दिवसभर बसलो.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. आढ्याला वाळलेले भोपळे टांगलेले, खाली तुणीच्या लाकडाचे तुकडे व रंध्याचा भुसा. हे भोपळे खाण्याचे नव्हेत, कडू जातीचे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील शेतकरी ते पिकवितात. भोपळा पुरता वाळला म्हणजे कापून आतून साफ करतात. त्याला गळा व पोकळ दांडी जोडतात, तोंडावर लाकडी तबली बसवितात, आणि मग खुंट्या, घोडी व तारा.

हा व्यवसाय मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास रुजला. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब व त्यांचे बंधू मोहिद्दीन यांनी वाद्यांच्या दुरुस्तीस हात घातला, आणि तलवारीवर चालणारा हात तारेवर चालू लागला. पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्यासारखे गवई मिरजेत राहिले. त्यांच्या चोखंदळ कानांनी ही कारागिरी अधिकच घासूनपुसून निघाली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

सर्वांत अवघड काम जवारीचे. घोडीचा माथा अगदी सपाट नसतो, किंचित उतरता असतो. तार त्याला निसटता स्पर्श करीत कंप पावते. तारेखालचा सुताचा बारीक धागा नेमक्या जागी आणला की एका स्वरातून अनेक स्वर उमलतात. कारागिरांनी तंबोरा माझ्या हाती दिला. मी तार छेडली. त्यांनी धागा केसभर सरकविला व विचारले, "गुरुजी, फरक जाणवला?" मला काहीच जाणवला नाही. शेजारी बसलेला शिकाऊ तरुण मात्र चटकन म्हणाला, "आता उघडली." तीस वर्षे मुलांना "नीट ऐका" असे बजावणारा मी त्या क्षणी खाली मान घालून बसलो.

मंडळी, त्या वेळी मला एक जुना विद्यार्थी आठवला. तो अपूर्णांकांत नेहमी नापास होई. एके दिवशी त्याने तेलाचा रिकामा डबा, वेळूची काठी आणि तार जोडून केलेले तुणतुणे वर्गात आणले. मी ते काढून घेऊन कपाटात ठेवले व म्हणालो, "आधी गणित, मग तमाशा." पुढे त्याने शाळा सोडली. डब्यामुळेच सोडली, असे मी म्हणत नाही. परंतु त्याचे गणित त्या डब्यातच होते, हे मला दिसले नाही, एवढे कबूल केले पाहिजे.

ते कसे, हे सांगतो. एका फळीवर तार ताणून बसवा. तिच्या दोन टोकांखाली दोन पट्ट्या ठेवा. त्यांमधील अंतर ६० सेंटिमीटर असावे. मोकळी तार छेडा. तो आपला सा. आता तारेला जेमतेम टेकेल अशी तिसरी पट्टी मध्ये सरकवा. तार ४५ सेंटिमीटर उरली, म्हणजे पाऊण झाली, की मध्यम लागतो. ४० उरली, म्हणजे दोनतृतीयांश झाली, की पंचम. ३० वर, म्हणजे निम्म्यावर, वरचा सा. मात्र पट्टी फार उंच नसावी; नाही तर तार अधिक ताणली जाऊन स्वर चढतो. जो अपूर्णांक फळ्यावर निर्जीव दिसतो, तो येथे कानाने ऐकता येतो, आणि चुकला तर कानच सांगतो.

यास खर्च नाही. फळी सुताराकडे मिळेल, तार गावातल्या भजनी मंडळाकडे. विणेकरी बुवांना एकदा सन्मानाने वर्गात बोलवावे. वीणा कशी लावतात, ते मुलांनी जवळून पाहावे. गणित, विज्ञान, संगीत आणि हस्तव्यवसाय हे चार विषय त्या एका तारेवर एकत्र येतील.

ते तुणतुणे अद्याप माझ्यापाशी आहे. मिरजेहून परतल्यावर मी त्याला नवी तार बसविली. उद्या कोणी मूल असे काही घेऊन वर्गात आले, तर ते कपाटात ठेवू नका. पट्टी घ्या, तार मोजा, आणि त्यालाच आधी वाजवू द्या. एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.