शेवटचं वाक्य कामाचं असू द्या



मी पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या कारखान्यांत पर्सोनेल खात्यात आयुष्य काढलं. ओव्हरटाइमचे वाद, युनियनशी करार, कॅन्टीनच्या तक्रारी, सगळं पाहिलं. पण डोक्यात घर करून राहिली ती मुलाखतीला येऊन गेलेली मुलं. आज पदवी घेणारे तुमच्यातले बरेचजण येत्या काही महिन्यांत मुलाखतीच्या टेबलासमोर बसणार आहेत, म्हणून आज मुलाखतीबद्दल, आणि त्यातही तिच्या शेवटच्या दोन मिनिटांबद्दल बोलतो.

मुलगा अर्धा तास उत्तम बोललेला असतो. ड्रॉइंग वाचलेलं असतं, टॉलरन्स बरोबर सांगितलेला असतो. मग पॅनेलमधलं कुणीतरी विचारतं, "तुम्हाला काही विचारायचंय?" तो म्हणतो, "नाही सर." फाइल आवरतो, दारापर्यंत जातो आणि वळून म्हणतो, "सर, बघा जरा. घरची परिस्थिती फार बिकट आहे." रात्रभर एसटीत बसून आलेल्या मुलांच्या तोंडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आजही आठवलं की पोटात कालवतं. परिस्थिती खरी असते, त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. पण त्या एका वाक्याने अर्ध्या तासाच्या मेहनतीवर पाणी पडतं. तोवर पॅनेल त्याचं काम तोलत असतं. आता ते त्याची कीव करायला लागतं. आणि कीव करणारा माणूस पगारही कीव केल्यासारखाच देतो.

काहीजण शेवटी फाइलमधून आमदारांची चिठ्ठी काढून टेबलावर ठेवत. त्या मुलांचा मला राग येत नसे. राग येई तो त्यांना ही सवय लावणाऱ्यांचा, आणि चिठ्ठी वाचून मार्क बदलणाऱ्या आमच्यातल्यांचा. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून गट क आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. वशिल्याला आणि पैशाला वाव राहू नये, हे त्यामागचं कारण. माणूस पारखायचं एक चांगलं साधन आमच्याच व्यवसायाने इतकं बदनाम करून ठेवलं की ते काढून टाकणं लोकांना न्यायाचं वाटलं. याचं दुःख मला आहे आणि राहील.

दुसरी तक्रार सांगतो. सकाळपासून पंधरा-वीस उमेदवार बघायचे आणि एका अक्षराचं टिपण ठेवायचं नाही, अशी पॅनेलं मी पाहिली. संध्याकाळी चहा घेताना निवड चाले. "तो निळ्या शर्टवाला बरा होता ना?" "कोणता, नाशिकचा?" कुणाच्या भाकरीचा निर्णय असा निळ्या शर्टावर व्हायचा. डॅनिएल कानेमन यांना पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, पण 1955 च्या सुमारास ते इस्रायली सैन्यात विशी ओलांडलेले तरुण होते आणि भरतीच्या मुलाखती सुधारण्याचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी सहा गुण ठरवले. एकेका गुणाबद्दल ठरलेले प्रश्न विचारायचे, लगेच आकडा लिहायचा, मगच पुढच्या गुणाकडे जायचं. एकूण मत द्यायचं ते सगळ्यात शेवटी. आधीच्या पद्धतीपेक्षा ही पुष्कळ भरवशाची ठरली. मी असा गुणांचा तक्ता आमच्याकडे आणायचा प्रयत्न केला, तेव्हा एका वरिष्ठांनी सांगितलं, "माणूस आत आला की मला कळतं." असं कळणाऱ्यांनी किती चांगली माणसं दारातूनच परत पाठवली असतील, याचा हिशेब कुठल्याच कारखान्याच्या दप्तरात नाही.

त्याच कानेमन यांचा 1993 चा एक प्रयोग आहे. लोकांना 14 अंशांच्या गार पाण्यात मिनिटभर हात बुडवायला लावला. दुसऱ्यांदा तेच मिनिट, आणि वर आणखी तीस सेकंद, फक्त त्या तीस सेकंदांत पाणी अंशभर कमी गार होत गेलं. पुन्हा करायचं तर कोणतं, असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचं निवडलं. त्रास अधिक, पण शेवट सुसह्य, आणि लक्षात राहतो तो शेवट. टिपण न ठेवणाऱ्या पॅनेलचंही असंच होतं. हे बरोबर नाही, पण आहे हे असं आहे. तुम्ही ते ओळखून आत जा.

आता एका मुलाची गोष्ट. मराठवाड्यातला, डिप्लोमा केलेला, ट्रेनीच्या जागेसाठी आलेला. मुलाखतीची खोली शॉपच्या पलीकडे होती, त्यामुळे सगळे प्रेस लाइनवरून चालत येत. काही विचारायचंय का म्हटल्यावर तो म्हणाला, "येताना तिसऱ्या प्रेसवर एक बटण चिंधीने दाबून बांधलेलं दिसलं. इथे तसंच चालवतात का?" खोलीत कुणी बोलेना. पॉवर प्रेसला दोन बटणं कशासाठी असतात, हे तुम्हा इंजिनिअरांना सांगायला नको. दोन्ही हात बटणांवर असले की हात डायखाली जाऊ शकत नाही. एक बटण बांधलं की तासाला नग वाढतात आणि बोटं जातात. यंत्राला संरक्षक आडोसा हवा, असं 1948 च्या कारखाना कायद्याचं 21 वं कलम स्पष्ट सांगत होतं; आमच्या भिंतीवर त्या कायद्याचा गोषवारा फ्रेम करून लावलेला होता.

तो गेल्यावर आम्ही त्याच्यावरून जितकं भांडलो, तितकं त्या दिवशी कुणावरूनच नाही. मी म्हटलं, याला आजच घ्या. प्रॉडक्शनवाले म्हणाले, "आत्ताच बोट दाखवतोय, उद्या युनियन काढेल." त्याला घेतलं नाही. पुढे तो दुसऱ्या एका कारखान्यात लागला आणि तिथे सेफ्टीचं काम बघू लागला, असं कळलं. मला विचाराल तर त्या मुलाखतीत तोच पास झाला आणि आम्ही नापास झालो. आपण कुठल्या जागी हात घालणार आहोत, हे त्याला एका प्रश्नात कळलं होतं.

दुसरी एक मुलगी, इन्स्ट्रुमेंटेशनची. थर्मोकपलच्या प्रश्नाला तिचं उत्तर चुकलं होतं. त्यात आमच्यातल्या एकाने तिला विचारलं, "लग्नाचं काय ठरलंय?" हा प्रश्न मी अनेक टेबलांवर ऐकला, मुलांना विचारलेला मात्र एकदाही नाही. सी. बी. मुथम्मा 1949 साली परराष्ट्र सेवेत रुजू झाल्या, तेव्हा लग्न केल्यास राजीनामा देईन असं त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं. असल्या नियमांवर सर्वोच्च न्यायालयाने ताशेरे ओढायला 1979 साल उजाडलं. भरतीत बाई म्हणून भेदभाव करायचा नाही, हा कायदा तर 1976 सालीच झाला होता. तरी प्रश्न टेबलावर तसाच. मी तो थांबवला. मुलगी जराही विचलित झाली नाही. शेवटी म्हणाली, "मघाचं उत्तर पुरं करते. मी कोल्ड जंक्शनचं तापमान धरलंच नव्हतं. ते धरलं नाही तर रीडिंग तेवढं कमी दिसेल." आणि मग विचारलं, "तुमच्याकडे कॅलिब्रेशन इथेच करतात की बाहेर पाठवतात?" तिला घेतलं. विरोधात एकही मत पडलं नाही.

म्हणून मुलांनो, हात जोडून एकच सांगणं आहे: उठण्यापूर्वीचं तुमचं शेवटचं वाक्य कामाबद्दलचं असू द्या, गरजेबद्दलचं नको. पहिले सहा महिने मी नेमकं काय करणार, कुणाच्या हाताखाली शिकणार, ही जागा रिकामी का झाली, असा एखादा खरा प्रश्न विचारा. पाठ केलेला नको. समोर बसून जे ऐकलं, वाटेत जे पाहिलं, त्यातून सुचलेला. एखादं उत्तर राहिलं असेल तर ते तिथेच पुरं करा. मुलाखत व्हिडिओवर असली तरी हेच. पगार, बाँड, नोटिशीचा काळ हे विचारायला संकोच नको, ऑफर हातात आली की सही करण्याआधी विचारा. मूळ प्रमाणपत्रं दाखवा, पण कुणाकडे ठेवून येऊ नका. आणि नोकरीसाठी पैसे मागणाऱ्याच्या दारातून त्याच पावली परत फिरा.

तुमच्यातले कित्येक जण काही वर्षांनी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतील. माझी सगळी आशा तिथे आहे. आम्ही "कळवू" म्हणालो आणि कळवलं नाही. पोरं महिनोन् महिने पोस्टमनची वाट बघत राहिली, आता ती मोबाइलकडे बघत बसतात. तुम्ही तसं करू नका. मुलींना लग्नाचं विचारू नका, समोरच्याच्या प्रश्नाचा राग धरू नका, आणि ज्याला घेणार नाही त्यालाही आठ दिवसांत दोन ओळी लिहून तसं कळवा.