वाकळेची जमीन

(सातारा व सांगली जिल्ह्यांत गोधडीचं काम करणाऱ्या बचत गटांच्या शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)



शिबिराआधी तुमच्याकडून प्रश्न लिहून मागवले होते. त्यांतल्या सहा-सात चिठ्ठ्यांवर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला आहे : ‘जमीन जुळत नाही, काय करायचं?’ आज मी याच एका प्रश्नावर बोलणार आहे.

ही सातबाऱ्यावरची जमीन नव्हे. काठ आणि पदर सोडून साडीचं जे अंग उरतं त्याला आपण जमीन म्हणतो. वाकळेचंही तसंच. वर ठिगळं असोत, चौकटी असोत, त्यांच्यामागे पसरलेलं कापड ही वाकळेची जमीन. ती एका रंगाची, एका पोताची मिळाली तर काम सोपं. पण आपल्याला ती मिळते कुठे?

आपल्या आज्यांना ती मिळायची, असं आपण म्हणतो. ते थोडं खरं आहे. सुती नऊवारी लुगडं म्हणजे जवळजवळ आठ मीटर कापड. तीन-चार जुनी लुगडी, एखादं धोतर, की वाकळ उभी राहायची. माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंत घरटी कुणी ना कुणी मुंबईच्या गिरणीत होता. त्याच्या पिशवीतून मांजरपाट यायचं. सगळं सूत, सगळं धुऊन मऊ झालेलं. मग दोन गोष्टी झाल्या. बाजारात पॉलिस्टरच्या साड्या आल्या. त्या स्वस्त होत्या, लवकर वाळायच्या, रोजच्या धुण्याचे कष्ट कमी करायच्या. बायकांनी त्या घेतल्या यात काहीच चूक नाही. आणि १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. कितीतरी माणसं कायमची गावी परतली आणि मुंबईचं कापड थांबलं. आज तुमच्यासमोर बोचकं सुटतं तेव्हा त्यात सुती लुगडं एखादंच असतं. बाकी सिंथेटिक साड्या, शाळेचे गणवेश, शर्ट, मॅक्सी, पडद्याचे तुकडे. त्यातलं बरं असेल ते आधीच बोहारणीकडे जाऊन भांडं झालेलं असतं. म्हणजे जमीन जुळत नाही हा आपल्या हातांचा दोष नाही. घरात येणारं कापडच बदललं आहे.

आता उपाय. पहिलं म्हणजे पोत न जुळणं आणि रंग न जुळणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रंग डोळ्याला खुपतो, पण पोत वाकळ फाडतो. सुती कापड पाण्यात आटतं, पॉलिस्टर आटत नाही. दोन्ही शेजारी शिवलं की पहिल्या धुण्यात चुण्या पडतात आणि टाके ताणले जातात. म्हणून जमिनीचं सगळं कापड आधी गरम पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून घ्या. नवं कापड तर घ्याच घ्या, कारण ते रंगही सोडतं. कापड कशाचं आहे कळत नसेल तर एक धागा ओढून, बाजूला पाणी ठेवून जाळून बघा. सुताची राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. मग दोन ढीग करा. अंगाला लागणारी बाजू सुती ठेवा, कारण घाम तीच शोषते. सिंथेटिक मधल्या थरात घाला किंवा वरच्या नक्षीला वापरा.

दुसरं, जाडी. पातळ कापड जाड कापडाशेजारी आलं तर पातळ आधी फाटतं. त्याला खालून जुन्या सुती कापडाचं अस्तर लावा आणि मग जोडा. तिसरं, धागा. तुकडा उभ्या-आडव्या धाग्यावर फाडून घ्या. उरेब कापलेला तुकडा शिवताना वाढत जातो आणि वाकळ कोपऱ्यात पिळवटते. सगळे थर जमिनीवर ताणून पसरा, कच्चा दोरा घाला, मगच कडेपासून चौकोनात फिरत मध्यापर्यंत धावदोरा घाला.

राहिला रंग. दहा पावलं मागे जा आणि डोळे किलकिले करून बघा. तेव्हा निळा की हिरवा हे दिसत नाही, फिकं आणि गडद एवढंच दिसतं. जमीन सगळी फिकी किंवा सगळी गडद ठेवली तर पाच रंगही एक वाटतात. एखादा तुकडा फारच भडक असेल तर तो उलटा करून लावा, मागची बाजू मंद असते. वेगळं कापड एकाच जागी आलं तर ठिगळ वाटतं. तेच तीन-चार ठिकाणी विखरून आलं की नक्षी होते. म्हणून मोठा तुकडा सलग न लावता वाटून टाका. आणि कडेची पट्टी व टाक्याचा दोरा मात्र सबंध वाकळेला एकच ठेवा. ती दोन्ही मिळून सगळं बांधून ठेवतात.

उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात. त्या जमीन जुळवतच नाहीत. कडेपासून तुकडा घेत घेत आत जातात, आणि शेवटी चारही कोपऱ्यांना फूल म्हणून दुमडलेला तुकडा लावतात. फुलाशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत.

आता जरा अवघड बोलते. एका चिठ्ठीत लिहिलंय, ‘आमच्या गटात कुणाच्या घरचं कापड घ्यायचं यावरून वाद होतात.’ हाही जमीन न जुळण्याचाच प्रश्न आहे. बोचकं कुठल्या आळीतून आलं हे विचारलं जातं. विधवेच्या साडीचं दुपटं बाळाला नको, टाकलेल्या बाईचं कापड लग्नाच्या वाकळेत नको. मी गटांमध्ये हे पाहिलंय की कापड बाजूला सारलं जातं आणि चारच दिवसांत ती बाईही बैठकीला यायची थांबते. कुणी तिला ‘येऊ नकोस’ म्हणत नाही, म्हणून आपल्याला वाटतं आपण काही केलंच नाही. एका गटानं यावर साधा नियम केला. आलेलं सगळं कापड एका कढईत उकळायचं, वाळवायचं आणि पोतानुसार ढीग लावायचे. कुणी आणलं ते लिहायचं नाही. पहिल्या महिन्यात दोघीजणी गट सोडून गेल्या. त्यांतली एक परत आली, एक आली नाही. ही किंमत पडते हे लपवू नये. पण जिची साडी बाजूला पडली असती ती आज त्या गटाचा हिशेब लिहिते.

शेवटचा मुद्दा गिऱ्हाइकाचा. शहरातल्या एका दुकानानं आपल्यातल्या एका गटाकडून जुन्या साड्यांच्या गोधड्या मागवल्या. ‘अस्सल जुनं कापड पाहिजे’ अशी अट होती. माल गेल्यावर ‘जमीन एकसारखी नाही’ म्हणून निम्म्याहून जास्त परत आला. जुनंही हवं आणि एकसारखंही हवं, हे दोन्ही एका दरात कसं बसायचं? अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या काळ्या बायकांनी १९६६ साली ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढली. त्यांच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांत गेल्या, पण दुकानांसाठी ठरावीक नमुने एकसारखे करावे लागले. मनानं रचण्याची त्यांची रीत त्या कामात मागे पडली. मात्र पैसा त्यांच्या हातात आला. संस्थेनं खरीखुरी जमीन विकत घेतली, तिथं शिवणकेंद्र बांधलं, आणि मतदार म्हणून नाव नोंदवल्यामुळे ज्यांना मालकांनी घराबाहेर काढलं होतं अशा कुटुंबांना त्यातले प्लॉट दिले. म्हणून ‘गिऱ्हाइकाचं ऐकूच नका’ असं मी म्हणणार नाही. ऐकायचं, पण त्याचा दाम लावून.

तो कसा लावायचा? एक बाई रोज दोन तास बसली आणि वाकळेला चाळीस दिवस लागले, तर ऐंशी तास झाले. म्हणजे आठ तासांचे दहा दिवस. १९७२ च्या दुष्काळात आपण खडी फोडली, १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. त्या कामावर बाईला दहा दिवसांची जी मजुरी मिळते तिच्या खाली आपली वाकळ जाता कामा नये. सुई-दोरा, कापड धुणं, उकळणं हे वर वेगळं. ‘फावल्या वेळातलं काम’ हा शब्द हिशेबातून काढून टाका. स्वयंपाक, पाणी, जनावरं आटोपून रात्री जागून काढलेला वेळ फावला कसा?

तेव्हा आज उठण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवू या. एक, प्रत्येक गटानं कापड पोतानुसार लावायचं, घरानुसार नाही. दोन, मागणी घेतानाच गिऱ्हाइकाला नमुना दाखवून लिहून घ्यायचं की जुन्या कापडाची जमीन मिसळीची असते. एकसारखी हवी असेल तर नवं सुती कापड त्यानं पुरवायचं, विटा किंवा इचलकरंजीच्या मागावरचं चालेल. तीन, प्रत्येक वाकळेसोबत तासांची वही ठेवायची आणि दर त्या वहीवरून ठरवायचा, दुकानदाराच्या तोंडावरून नाही.

वही कोण लिहिणार ते आधी सांगा. मग जेवायला उठू.