पेशंटला आत बोलवा

व्यासपीठावरची डॉक्टर मंडळी, आणि रात्रभर एसटीत अवघडून बार्शी गाठलेल्या माझ्या समाजसेवा अधीक्षक मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षपद दिलंत, आभार. स्वागत समितीचे आभार, स्वयंपाकघरात राबणाऱ्यांचे जरा जास्त. मावळत्या कार्यकारिणीचं काम अहवालात छापलेलं आहे, ते मी वाचून दाखवणार नाही.

अध्यक्षाने व्यवसायाचा आढावा घ्यायचा असतो, तोही घेते. १९३६ मध्ये मुंबईत नागपाड्याला समाजकार्याचं शिक्षण देणारी शाळा निघाली. १९४१ मध्ये परळला टाटा हॉस्पिटल उभं राहिलं. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. आज सरकारी रुग्णालयांत आपण आहोत, मोफत उपचारांच्या सरकारी योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र आहेत, आणि रिकाम्या जागाही आहेत. त्या जागांबद्दलचा ठराव दुपारच्या सत्रात येईल. आढावा संपला.

आता जे बोलायला मी इतकी वर्षं थांबले, ते बोलते. व्यासपीठावरच्या डॉक्टरांनी रागावू नये. रागावलात तरी चालेल, मी निवृत्त आहे.

कॅन्सरच्या ओपीडीत एक वाक्य सकाळपासून संध्याकाळपर्यंत कानावर पडतं: ‘पेशंटला जरा बाहेर बसवा.’ कधी मुलगा म्हणतो, कधी जावई, कधी खुद्द डॉक्टर. मग दार लोटलं जातं. लग्नाच्या बैठकीत सगळं देणंघेणं ठरतं आणि नवरी आत चहा गाळत असते, तसा हा प्रकार. आजार कुठवर गेला, ऑपरेशन की रेडिएशन, जमीन विकायची की योजनेत बसवायचं, सगळं आत ठरतं. ज्याच्या अंगात गाठ आहे तो बाहेर बाकावर केसपेपरची पिशवी सांभाळत बसतो. आणि दोन दिवसांनी आपल्याला वॉर्डातून निरोप येतो: मॅडम, तो पेशंट सही करत नाही, जरा काउन्सेलिंग करा. म्हणजे ज्याला कोणी काही विचारलं नाही, त्याने हो म्हणावं यासाठी आपली नेमणूक. माझं भांडण याच्याशी आहे.

काल रात्री निवासावर यावरच वाद रंगला होता. आपल्याकडे कुटुंब निर्णय घेतं, माणूस एकटा घेत नाही, ही आपली संस्कृती आहे, असं एका तरुण सहकाऱ्याने ठामपणे सांगितलं. त्यांच्यासाठी थोडा अमेरिकेचा इतिहास. १९६१ मध्ये शिकागोच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांची पाहणी छापून आली. त्यांतले नव्वद टक्के डॉक्टर म्हणाले होते, आम्ही शक्यतो पेशंटला कॅन्सर झाल्याचं सांगत नाही. १९७९ मध्ये पुन्हा तशीच पाहणी छापून आली, तेव्हा सत्त्याण्णव टक्के म्हणाले, सांगतो. अठरा वर्षांत तिथली संस्कृती काही बदलली नव्हती, डॉक्टरांची सवय बदलली होती. तेव्हा आपल्या सवयीचं खापर संस्कृतीवर फोडू नका.

आणि कुटुंब म्हणजे तरी कोण? पेशंट त्या कुटुंबातून वजा का होतो?

मी एका माणसाची हकीकत सांगते. बाजार समितीत धान्याचे लिलाव पुकारणारा माणूस. आवाज असा की यार्डाच्या दुसऱ्या टोकाला भाव कळावा. घशाचा कॅन्सर, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार होतं. तेव्हा मी नवी होते, एका मोठ्या रुग्णालयात. मुलांनी डॉक्टरांना हात जोडले, वडिलांना सांगू नका, ते खचतील. डॉक्टरांनी मान डोलावली. ‘गाठ काढायची आहे’ एवढंच सांगून सही उरकली आणि माणूस थिएटरात गेला. शुद्धीवर आला तेव्हा गळ्याला छिद्र आणि आवाज नाही. नर्सने हातात पाटी-पेन्सिल दिली. त्याला सही करता यायची आणि आकडे लिहिता यायचे, बाकी अक्षरओळख नव्हती. तो पाटीवर आकडे लिहायचा आणि रडायचा. ते आकडे उधारीचे होते हे कळायला आम्हाला बरेच दिवस लागले. त्याचे व्यवहार सगळे तोंडी होते. कोणाकडून किती येणं, कोणाला किती देणं, सगळं डोक्यात. आधी कळलं असतं तर एका संध्याकाळी थोरल्याला समोर बसवून त्याने सगळं बोलून दाखवलं असतं. पुढे कितीतरी दिवस त्याने मुलांकडे पाहिलंही नाही. पाणी हवं असलं तर वॉर्डातल्या मावशींना खूण करायचा, मुलगा शेजारी उभा असताना.

खचतील, असं म्हणणाऱ्यांना मी हा माणूस दाखवते.

पेशंटला माहीत नसतं, हा तर आपला सर्वांत लाडका भ्रम. अहो, ज्या इमारतीच्या पाटीवर कॅन्सर लिहिलेलं आहे, ज्या रांगेत शेजारच्याचे केस गेलेले आहेत, तिथे चार तास बसलेल्या माणसाला काय माहीत नसतं? त्याला बाकावर सगळं कळतं, पण अर्धवट आणि भलतंच. बायोप्सी केली की कॅन्सर पसरतो, सुईने गाठ भडकते, ही माहिती त्याला बाकावरच मिळते. आत खरं बोललं जात असतं, बाहेर हे चाललेलं असतं. कित्येक पेशंटनी मला कोपऱ्यात घेऊन सांगितलंय, मॅडम, मला ठाऊक आहे काय ते, पण पोरांना सांगू नका, ती घाबरतील. आणि बाहेर पोरं मला तेच सांगत उभी.

कायद्याचं दोन वाक्यांत सांगते, कारण कायदा आपल्या बाजूला आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत रुग्णाला, नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना आजाराची कल्पना असावी, अशी पळवाट होती खरी. पण २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सज्ञान, भानावर येऊ शकणारी बाई भुलीखाली असताना, तातडी नसताना, तिच्या आईची संमती घेऊन केलेलं ऑपरेशन संमतीचं ठरत नाही. प्रत्यक्ष आई होती ती. आपण जावयाची सही चालवून घेतो.

आता दुसरा आक्षेप, आणि तो डॉक्टरांचा आहे: वेळ कुठे आहे? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. दुपारी दोनला त्या खोलीत काय अवस्था असते, मी पाहिलेली आहे. पण १९८४ चा एक अमेरिकन अभ्यास आहे. पेशंट बोलायला लागल्यावर डॉक्टर त्याला सरासरी अठरा सेकंदांत तोडतात असं त्यात दिसलं. तोडल्यामुळे वेळ वाचतो का? सिडनीकडच्या संशोधकांनी पेशंटला भेटीआधी प्रश्नांची छापील यादी दिली. डॉक्टरांनी स्वतःहून ‘तुमचे प्रश्न काढा’ म्हटलं, तेव्हा २००१ च्या त्यांच्या प्रयोगात भेटी लांबल्या नाहीत, उलट आटोपशीर झाल्या, आणि पेशंटची धास्तीही कमी झाली. डॉक्टर मंडळींनी हे लिहून घ्यावं.

माझा अनुभव त्याहून जुना आहे. स्तनाच्या कॅन्सरची एक बाई केमोला यायची. नवरा भला, पण सगळ्या प्रश्नांची उत्तरं तोच द्यायचा. ‘काही त्रास?’ ‘नाही डॉक्टर, ठीक आहे.’ एकदा तो फाइल आणायला गेला तेव्हा मी तिला पावतीचा कोरा भाग फाडून दिला आणि म्हटलं, डॉक्टरांना सांगायच्या तीन गोष्टी लिहा. तिने पहिलीच लिहिली: भाकरी करताना हाताला तवा लागलेला कळत नाही. पॅक्लिटॅक्सेलने नसांवर परिणाम झाला होता, हातापायांची जाणीव चालली होती. डॉक्टरांनी कागद वाचला, तपासलं आणि डोस कमी केला. मी तिला विचारलं, इतके दिवस का बोलला नाहीत? म्हणाली, डॉक्टर चिडतील, औषधच बंद करतील.

हे ‘चिडतील’ फार महागात पडतं. केमो चालू असताना ताप शंभरच्या वर चढला तर ताबडतोब रुग्णालय गाठायचं असतं, कारण पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात आणि जंतुसंसर्ग काही तासांत जीव घेऊ शकतो. आपले पेशंट घरी क्रोसिन घेतात आणि पुढच्या तारखेची वाट पाहतात. औषध योग्य, डोस योग्य, आणि माणूस न बोलल्यामुळे गेला. अशी माणसं कुठल्या रजिस्टरमध्ये मोजायची?

रजिस्टरवरून बार्शीचीच गोष्ट सांगते, म्हणजे यजमानांनाही बरं वाटेल. १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी इथे सुरू झाली. खेड्यातली माणसं नोंद व्हायला स्वतःहून थोडीच येणार होती? कार्यकर्ते गावोगाव गेले, पारावर बसले, बायकांशी बोलले, कोणती लक्षणं दिसली की दाखवायला यायचं ते सांगितलं. आणि पुढच्या काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या टप्प्यावर येऊ लागल्या. १९९५ मध्ये हे जागतिक नियतकालिकात छापून आलं. नवं यंत्र आलं नव्हतं, नवं औषध नव्हतं. कोणीतरी बाईशी थेट बोललं होतं, तिच्या नवऱ्याशी नव्हे.

डॉक्टरांना वाईट बातमी कशी सांगावी हे शिकवणाऱ्या कार्यशाळा आता होतात. २००० पासून सहा पायऱ्यांची एक पद्धतही जगभर शिकवतात. चांगलं आहे. पण सगळं शिक्षण डॉक्टरांना आणि चहापाणीही त्यांनाच. पेशंटला विचारायला कोण शिकवणार? ते आपलं काम आहे, आणि आपण ते सोडून योजनेची कागदपत्रं जुळवत बसलो आहोत. कागदपत्रं लागतात, मान्य. त्यासाठी आरोग्यमित्र आहेत.

वर्षभरात काय करायचं, हे सांगणं भाग आहे. प्रश्नांचं एक मराठी पत्रक, मोठ्या अक्षरांत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रांचं. स्वरयंत्र किंवा जीभ काढायची असेल, तर ऑपरेशनआधी पेशंटशी आपली एक स्वतंत्र भेट, नातेवाईक बाहेर. डॉक्टरांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करायला परवानगी. ती कोण देणार, मला कल्पना नाही. छपाईच्या खर्चाचंही ठरलेलं नाही. खजिनदार माझ्याकडे ज्या नजरेने पाहताहेत त्यावरून लवकर ठरेल असं वाटत नाही.

पत्रकाचा कच्चा मसुदा दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. पहिला प्रश्न कोणता असावा यावर कार्यकारिणीचं एकमत नाही. बहुतेकांचं म्हणणं ‘खर्च किती येईल’ हा असावा, लोक तोच आधी विचारतात. मी ‘मला नक्की काय झालं आहे’ हा वर घातला आहे आणि तो खाली येऊ देणार नाही. ज्यांना भांडायचं असेल त्यांनी जेवून या.