भिंतीला भोक पाडण्याआधी हा भाग ऐका

(ऐकायला वेळ नाही, वाचायला आहे, अशा लोकांसाठी या भागाचा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' कमी केलेत.)

हेडफोन लावलेत ना? लावा. कारण आजचा विषयच आवाजाचा आहे. घर्रर्रर्र! बरोबर, ड्रिल मशीन. रविवारी दुपारी दोन वाजता, पुण्यात, तुमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमधून जो आवाज येतो ना, तोच. आणि हो, यावेळी तो आवाज करणारा मी होतो.

मी राहतो खडकीत, बाजारापासून पाच मिनिटांवर. आमची खडकी कशासाठी प्रसिद्ध आहे माहितीये? इथे बॉम्बे सॅपर्सचं मुख्यालय आहे. सॅपर्स म्हणजे सैन्यातले इंजिनिअर. पूल बांधणं, सुरुंग शोधणं, ते निकामी करणं, ही त्यांची कामं. शिवाय १८६९ पासूनचा दारूगोळ्याचा कारखाना इथलाच. म्हणजे कुठे भोक पाडायचं, कुठे नाही, हे ज्यांना नेमकं कळतं अशी माणसं आमच्या गल्लीगल्लीत. आणि त्याच गावात मी, हातात नवीन ड्रिल घेऊन, बिनधास्त उभा.

झालं असं. माझे बाबा गेल्या वर्षी गेले. वर्षश्राद्धाच्या आधी त्यांचा फोटो फ्रेम करून आणला. मोठा, काचेचा, चांगला वजनदार. आई म्हणाली, "त्यांच्या खुर्चीच्या वर लाव." मी म्हटलं, एवढंच ना? ऑनलाइन ड्रिल मागवलं. दोन व्हिडिओ पाहिले, तेही दीडपट स्पीडवर. आणि स्वतःला मिस्त्री समजायला लागलो.

आता जरा इतिहास. कंटाळू नका, कामाचा आहे. ५ नोव्हेंबर १८१७, खडकीची लढाई. पेशव्यांची फौज इंग्रजांपेक्षा कितीतरी मोठी. मराठ्यांचं घोडदळ इंग्रजांच्या फळीवर सुसाट निघालं आणि मधेच लागली दलदल. वरून सपाट मैदान, खाली चिखल. घोडे रुतले, पडले, चढाई विस्कटली. लढाई फक्त त्यामुळे गेली असं मी म्हणत नाही, पण शाळेत हे वाचलं तेव्हा वाटलं होतं, अरे, आधी जमीन बघायची ना कुणीतरी!

दोनशे वर्षांनी त्याच खडकीत मी भिंत न बघता भोक पाडलं.

बाबांच्या खुर्चीच्या शेजारी स्विचबोर्ड आहे. मी खूण केली ती बरोब्बर बोर्डाच्या वर, सरळ रेषेत. का? तर तिथे फोटो मधोमध दिसतो म्हणून. मशीन लावलं, जोर दिला, प्लास्टर गेलं, वीट लागली, आणि मग फट्! ठिणगी उडाली आणि सगळं घर बंद. पंखा बंद, फ्रीज बंद. मशीन हातात, मी स्टुलावर, आणि आतून आईची हाक, "अरे, काय झालं? तू ठीक आहेस ना?"

मी ठीक होतो. का होतो, ते शेवटी सांगतो. त्याच्या आधी, त्या दिवसानंतर मी जे शिकलो ते ऐका. इलेक्ट्रिशियन दादा आले, भिंत फोडून वायर जोडली, आणि जाताना मला जे ऐकवलं त्यातलं सभ्य तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट. भिंतीच्या आत नकाशा असतो. भिंतीत लपवलेली वायर बहुतेक वेळा बोर्डापासून सरळ वर जाते, सरळ खाली जाते किंवा आडवी जाते. त्यामुळे प्रत्येक बोर्डापासून, प्रत्येक सॉकेटपासून मनातल्या मनात वर, खाली आणि आडव्या रेघा ओढा. त्या रेघांपासून निदान एक वीत लांब राहा. नळ आणि गीझरच्या वर-खालीही तेच, तिथे पाइप असतो. पण जुन्या घरात एखादा कारागीर तिरकी वायर टाकून गेलेला असू शकतो. म्हणून शंका आली तर भिंतीतली वायर शोधायचं छोटं यंत्र मिळतं, ते फिरवा. सॅपर्स सुरुंग शोधतात तसं! आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या भिंतीचा एमसीबी खाली पाडा आणि मशीन दुसऱ्या खोलीतून एक्स्टेंशनवर चालवा.

दुसरी गोष्ट. भिंतीची जात ओळखा. आता लगेच कमेंटमध्ये भांडू नका, विटांबद्दल बोलतोय. बोटाच्या पेराने ठोकून बघा, आणि भोक पाडताना बाहेर येणारी पावडर बघा. लाल आली, वीट. करडी आली आणि बिट पुढे जातच नाही, तर काँक्रीट. पांढुरकी, हलकी, भसाभसा आली तर सिपोरेक्ससारखे हलके ब्लॉक. आमच्यासारख्या जुन्या घरात विटेच्या मधला चुना लागतो, तिथे बिट वाकडं पळतं आणि भोकाचं नरसाळं होतं. अशा भिंतीत हॅमर बंद ठेवा, हळू चालवा, आणि सांध्यात नको, विटेच्या मध्यावर घ्या. हलक्या ब्लॉकमध्येही हॅमर नको, आणि गिट्टी त्या ब्लॉकसाठीची वेगळी मिळते, ती घ्या. काँक्रीटला मात्र हॅमर पाहिजेच. पण कॉलम किंवा बीममध्ये सळई लागली तर हट्ट करू नका. भोक दोन बोटं सरकवा. सळई कापली तर फोटो टिकेल, बिल्डिंगचं बघावं लागेल.

तिसरी गोष्ट. गिट्टी. ती प्लॅस्टिकची गुंडाळी, जी आपण नेहमी हरवतो. ६ मिलिमीटरच्या गिट्टीला ६ चंच बिट. "थोडं मोठं केलं तर सहज जाईल" हा विचार डोक्यात आला की मशीन खाली ठेवा आणि पाणी प्या. गिट्टी सहज गेली की सहज बाहेरही येते, सोबत फोटो घेऊन. भोक गिट्टीच्या लांबीपेक्षा सेंटिमीटरभर खोल पाहिजे, आणि गिट्टी प्लास्टर ओलांडून विटेत बसली पाहिजे. नुसत्या प्लास्टरवर वजन टांगायचं म्हणजे पोपड्याच्या भरवशावर राहायचं. खोली कळावी म्हणून बिटाला चिकटपट्टी गुंडाळा, पट्टी भिंतीला टेकली की थांबा. आत साठलेली पावडर फुंकून काढा, पण डोळे मिटून. नाहीतर चष्मा घाला. आणि मास्क. आपल्याकडे तो अजून कपाटात पडलाच असेल.

जाता जाता एक गंमत. या गिट्टीला जुने दुकानदार रावल प्लग म्हणतात. ते रॉलिंग्ज नावाच्या एका इंग्रज माणसावरून आलंय. त्याने १९११ साली तागाच्या धाग्यांची गिट्टी काढली. त्याआधी भिंतीत मोठं भोक करून लाकडी गुटका ठोकायचे. आज जी नायलॉनची वापरतो ती जर्मनीच्या आर्टुर फिशरची, १९५८ सालची. म्हणून काही दुकानांत 'फिशर द्या' म्हटलं तरी चालतं. माझं तोंड बघून दुकानदार काकांनी विचारलं होतं, "मासे पकडायचेत का?"

चौथी गोष्ट. फरशीवर, म्हणजे बाथरूमच्या टाइलवर, हॅमर लावलात तर टाइल तडकणार. आधी चिकटपट्टीची फुली मारा म्हणजे बिट घसरत नाही. टाइलचं वेगळं बिट मिळतं ते लावा, हॅमर बंद, हळूहळू. टाइल पार झाली की मग भिंतीचं बिट.

पाचवी गोष्ट, पुणेकरांसाठी. वेळ. कायद्याप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ. पण आपल्याकडे दुपारी १ ते ४ ही त्याहून कडक. शेजारच्या आजींना आधी सांगून या, "आजी, फक्त दोन भोकं आहेत." त्या मोजतात. खरंच मोजतात. आणि भाड्याने राहत असाल तर मालकांना आधी विचारा. डिपॉझिटमधून प्रत्येक भोकाचे पैसे कापण्यापेक्षा एक फोन स्वस्त पडतो.

आता शेवट. मी ठीक का होतो?

माझं बिट गेलं ते फेज आणि अर्थिंग अशा दोन वायरींमध्ये एकदम. करंट अर्थिंगमध्ये गळायला लागला आणि घरातला ईएलसीबी त्याच क्षणी पडला. घरातले हे स्विच साधारण ३० मिलीअँपिअरची गळती झाली की पडतात, डोळ्याची पापणी लवायच्या आत. तो नसता आणि अर्थिंग धड नसतं, तर बिटात आणि मशीनच्या लोखंडी चकमध्ये करंट उतरला असता. चकच्या जवळच माझी बोटं होती.

इलेक्ट्रिशियन दादांनी डबा उघडला, त्या स्विचकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "हा कुणी बसवला?"

आई म्हणाली, "ह्यांनी. तीन वर्षांपूर्वी. मी म्हणत होते कशाला एवढा खर्च, भाड्याचं घर. म्हणाले, पोरगा मोठा झालाय, आता हा काहीतरी उद्योग करणार."

बाबा कारखान्यात मशीनवर होते. आयुष्यभर सुरक्षेचे बोर्ड वाचत काम केलेला माणूस. तेव्हा मी पण हसलो होतो त्यांना.

फोटोचं काय झालं विचाराल. संध्याकाळी लाइट आल्यावर आई दारामागच्या भिंतीकडे गेली. तिथे एक जाड खिळा आहे. बाबांनीच ठोकलेला, वीसेक वर्षं त्यावर कालनिर्णय लटकत होतं. म्हणाली, "हा खिळा आहेच की. उगाच घर फोडत बसला." मी तरी नवीन शिकलेला, लगेच विश्वास कसा ठेवणार? पाच किलो तांदळाची पिशवी रात्रभर टांगून ठेवली. खिळा हलला नाही. सकाळी फोटो लावला. खुर्ची फोटोखाली सरकवली.

आता कालनिर्णयला जागा नव्हती. ती भिंत ठोकून बघितली, रेघा ओढल्या, एमसीबी पाडला, आजींना सांगून आलो, सकाळी अकरा वाजता एक भोक पाडलं. लाल पावडर आली. सरळ, नीट, ६ मिलिमीटर. आई म्हणाली, "जमलं की."

तर मंडळी, आज एकच काम करा. घरातला मीटरचा डबा उघडा. त्यात एका स्विचवर 'टेस्ट' लिहिलेलं छोटं बटण असेल. दाबा. स्विच पडला तर छान, परत वर करा आणि महिन्यातून एकदा दाबत राहा. पडला नाही, किंवा तसलं बटणच नाही, तर आधी इलेक्ट्रिशियन दादांना फोन करा. ड्रिल नंतर मागवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर आधी खाली बोर्ड बघा, मग वर भोक पाडा. काळजी घ्या!