विंचवाचा केसपेपर



यंदा आमच्या ग्रंथालयात पोलादपूर तालुक्यातली एक विद्यार्थिनी इंटर्नशिपला आली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "सर, मला डॉक्टर व्हायचं नाही, पण वैद्यकाचा इतिहास सांभाळायचं काम आवडेल. त्यात पुढं काय?" आज मी त्याचंच उत्तर देणार आहे.

मी तिला सांगितलं, विंचवावर जे असेल ते शोधून आण. दुपारी ती गोंधळून परत आली. ड्यूईच्या वर्गीकरणात विषबाधा ६१५.९ खाली, वैद्यकात. विंचू उतरवण्याचे मंत्र ३९८ खाली, लोकसाहित्यात. कपाटं दोन टोकांना. पण वाडीवरचा माणूस आधी मांत्रिकाच्या दारी आणि मग डोलीतून दवाखान्यात जायचा. एकाच रात्रीत दोन्ही कपाटं पालथी घालायचा तो! ही दोन कपाटं जोडून देतो, तो वैद्यकीय इतिहासाचा ग्रंथपाल.

तिसरं कपाट रुग्णांच्या नोंदींचं, आणि ते तुमच्याच महाड तालुक्यात आहे. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर लाल विंचवाच्या रुग्णांच्या उशाशी रात्र रात्र बसले. आधी उलट्या आणि घाम, मग गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब आणि शेवटी फुप्फुसांत पाणी. मृत्यू कोणत्या वाटेनं येतो, ते त्यांनी नोंदींतून ओळखलं. १९८२ साली ही निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पुढं रक्तदाबावरच्या प्राझोसिन या गोळीनं ती वाट अडवली. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये महाडच्याच ७० रुग्णांवरची चाचणी आली. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलं, तर नुसत्या प्राझोसिनपेक्षा रुग्ण लवकर बरा होतो, हे तिनं दाखवलं.

मंडळी, 'लॅन्सेट' जगभरच्या ग्रंथालयांत सापडेल. पण त्या काळच्या खेड्यातल्या दवाखान्याचं ओपीडी रजिस्टर? ते गेलं, तर त्याची दुसरी प्रत कुठंही नाही. आणि इथं सावित्री नदी आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडमध्ये घराघरांत पाणी शिरलं, ते तुम्ही भोगलंय. म्हणून मी त्या विद्यार्थिनीला भिजलेला कागद हाताळायला शिकवलं: चिकटलेली पानं ओढायची नाहीत, कडक उन्हात टाकायची नाहीत, मध्ये टिपकागद घालून पंख्याच्या वाऱ्यावर वाळवायची. दोन दिवस गेले की बुरशी धरते. वेळ नसेल तर गठ्ठे गोठवून ठेवायचे.

मुलांनो, या वाटेला पदवीनंतर बी.लिब. आणि एम.लिब. लागतं. सोबत मोडी शिका, कारण जुन्या वैद्यांची बाडं त्या लिपीतही सापडतात. आजारांची जुनी नावं गोळा करा. आणि रुग्णाचं गुपित राखायला शिका. अभ्यासकाला आजाराचा क्रम दाखवायचा असतो, माणसाचं नाव नव्हे. नाव झाकून नोंद खुली करणं ही या कामातली सर्वांत अवघड जबाबदारी.

जाताना त्या मुलीनं विचारलं, "सर, सुरुवात कुठून करू?" मी म्हटलं, घरून. आजीला विचार, तुमच्या वाडीत विंचू कोण उतरवायचं, डोली कोण उचलायचं, वाटेत किती वेळ जायचा. तारीख घालून लिहून ठेव. बिरवाडीतही सुरुवात अशीच झाली होती: कुणीतरी रुग्णाजवळ बसलं, आणि वेळ लिहून ठेवली.