परिषदेचा ठराव आणि कालव्याचे शेपूट

(देवळाली कॅम्प येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे झालेले भाषण)



आंतरराष्ट्रीय विकास परिषदांत ‘लोकसहभाग’ हा शब्द आता नवा राहिलेला नाही. १९७९ साली रोम येथे भरलेल्या कृषिसुधारणा व ग्रामविकासविषयक जागतिक परिषदेने त्याचा पुरस्कार केला. १९९० साली टांझानियातील अरुशा येथे आफ्रिकेसाठी लोकसहभागाची सनदच स्वीकारण्यात आली. परंतु ठराव संमत झाला म्हणजे सहभाग घडला, असे नव्हे.

ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ सालच्या आपल्या ग्रंथात या उणिवेवर नेमके बोट ठेवले. गाव पाहावयास येणारा पाहुणा डांबरी रस्ता सोडत नाही, पावसाळा टाळतो आणि पुढाऱ्यांशी, तेही पुरुषांशीच, बोलून परततो. आडवाटेवरची वस्ती, भूमिहीन मजूर व स्त्रिया त्याच्या अहवालात येतच नाहीत. पुढे रूढ झालेल्या सहभागी पद्धतीत म्हणूनच भूमिका उलटली. गावकऱ्यांनी खडे, रांगोळी, बिया मांडून गावाचा नकाशा काढावयाचा आणि पाहुण्याने ऐकावयाचे.

याचा पडताळा घेण्यास नाशिक जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. शहराच्या एका अंगास देवळाली, तर दुसऱ्या अंगास ओझर. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या कालव्याचे शेपूट ओझरकडे येते. धरण झाले, कालवा झाला, लाभक्षेत्राच्या कागदावर शेतेही आली. परंतु शेपटाकडील शेतापर्यंत पाणी पोहोचत नव्हते. बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या द्वारे शेतकऱ्यांना संघटित केले आणि १९९० नंतरच्या काही वर्षांत ओझरला पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यावयाचे, आवर्तनाची पाळी संस्थेने ठरवावयाची, पाणीपट्टीही संस्थेनेच गोळा करावयाची, अशी ही रीत. पुढे संपूर्ण प्रकल्पावर अशा संस्थांचे जाळे पसरले व त्यांचा प्रकल्पस्तरीय संघही झाला.

राज्याने २००५ साली सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याविषयीचा कायदा केला. संस्थेच्या संचालक मंडळात कालव्याच्या शीर्ष, मध्य व पुच्छ अशा तिन्ही भागांना प्रतिनिधित्व असावे, असे त्यात सांगितले आहे. शेपटाकडच्या शेतकऱ्याला बैठकीत जागा हवी, ही गोष्ट केवळ सद्भावनेवर न सोडता कायद्याने मान्य केली, हे महत्त्वाचे.

परिषदेस जाणाऱ्या प्रतिनिधीने, मग तो अधिकारी असो, शिक्षक असो वा सरपंच, जाण्यापूर्वी गावाच्या शेवटच्या वस्तीवर एक दिवस काढावा. परतल्यावर तेथे जे ऐकले, ते प्रथम त्याच वस्तीवर जाऊन सांगावे. ग्रामसभेला १९९३ पासून संविधानाचे अधिष्ठान लाभले आहे. तिच्या सतरंजीवर कोण बसले आहे, यापेक्षा कोण आले नाही व का आले नाही, याची नोंद जो ठेवील, त्यालाच लोकसहभागाचा अर्थ कळला असे म्हणता येईल.